सिंग्युलर विवृत्तीय समीकरणांच्या अनेक उकली : विचरण पद्धतीतील एक अडचण व तिचे निराकरण

सारांश : ज्या विवृत्तीय समीकरणात अज्ञात फलन छेदस्थानी येते व सीमेवर शून्य होते, अशा समीकरणास सिंग्युलर समीकरण म्हणतात. अशा समीकरणाच्या किमान दोन धन उकली विचरण पद्धतीने कशा मिळतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात एका ठोस उदाहरणाच्या आधारे केले आहे. ऊर्जा फलनकाचा अवकलज सर्वत्र अस्तित्वात नसणे ही येथील मुख्य अडचण असून तिच्याकडे होणाऱ्या दुर्लक्षावर विशेष भर दिला आहे.

बीजसंज्ञा : विवृत्तीय समीकरण, सिंग्युलर पद, ऊर्जा फलनक, नेहारी संच, पर्वतखिंड प्रमेय.

प्रस्तावना

पदवी वर्गास अवकल समीकरणे शिकवताना आपण अस्तित्व आणि एकमेवता हे दोन शब्द जोडीने उच्चारतो. पिकार्डच्या प्रमेयापासून विद्यार्थ्याच्या मनात असे ठसते की, प्रश्न नीट मांडलेला असला की त्याचे उत्तर असते आणि ते एकच असते. रेषीय समीकरणांच्या बाबतीत ही समजूत बहुतांशी निभावून जाते. अरेषीय सीमामूल्य प्रश्नांत मात्र ती टिकत नाही. तेथे एकाच प्रदेशावर, एकाच सीमाअटीसह, एकाच समीकरणाच्या दोन, तीन, प्रसंगी अनंत उकली असू शकतात. विज्ञानाच्या दृष्टीने ही केवळ मोजदाद नव्हे. उष्णतावहनाच्या प्रश्नात दोन स्थिर तापमानवितरणे संभवत असतील, तर प्रत्यक्ष पदार्थ कोणत्या स्थितीत स्थिरावेल आणि कोणत्या धक्क्याने तिच्यातून बाहेर पडेल, हे प्रश्न त्यातूनच उद्भवतात.

प्रस्तुत विषयाकडे लेखकाचे लक्ष वेधले जाण्यास एक चूक कारणीभूत आहे. एम.फिल.च्या प्रबंधिकेत (ही पदवी २०२२ च्या नियमावलीनंतर बंद झाली) लेखकाने एका सिंग्युलर समीकरणाच्या दोन उकली सिद्ध केल्या होत्या. सिद्धतेच्या आरंभी, "हे फलनक संतत अवकलनीय आहे हे उघड आहे", असे एक वाक्य होते. बहिःस्थ परीक्षकांनी त्या वाक्यापुढे पेन्सिलीने केवळ एक प्रश्नचिन्ह काढले होते. ते वाक्य उघड तर नव्हतेच, खरेही नव्हते. सिंग्युलर पद नसलेल्या एका शोधनिबंधातून ते जसेच्या तसे उचलले गेले होते. पुढील पंचवीस पानांचा डोलारा त्या एका वाक्यावर उभा असल्यामुळे संपूर्ण प्रकरण नव्याने लिहावे लागले. तेव्हापासून असे वाक्य इतरांच्या लेखनातही वारंवार आढळते, म्हणून हा विषय इतर विद्याशाखांतील प्राध्यापकांनाही समजेल अशा रीतीने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रश्नाचे स्वरूप

त्रिमितीय अवकाशातील एक मर्यादित, गुळगुळीत सीमेचा प्रदेश घेऊ. त्या प्रदेशात धन व सीमेवर शून्य असणारे फलन 'य' शोधावयाचे आहे. ते पुढील समीकरणाचे समाधान करते :

– लाप्लास(य) = ल/√य + य^३

येथे 'ल' हे धन प्राचल आहे. उजवीकडील पहिले पद सिंग्युलर होय. सीमेकडे जाताना 'य' शून्याकडे जातो आणि हे पद अमर्याद वाढते. दुसरे पद अतिरेषीय आहे. 'य' लहान असता ते नगण्य असते आणि 'य' मोठा झाला की तेच वरचढ ठरते. वर्गमूळ व घन हे घातांक केवळ सोयीसाठी निवडले आहेत. छेदातील घातांक शून्य व एक यांच्या दरम्यानचा कोणताही आणि अंशातील घातांक एक व पाच यांच्या दरम्यानचा कोणताही घेतला तरी पुढील युक्तिवाद तसाच चालतो. पाच ही मर्यादा कोठून येते ते यथावकाश पाहू.

अशा समीकरणांचा उगम काल्पनिक नाही. फुल्क्स व मेबी यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात विद्युतवाहक पदार्थातील उष्णतावहनाचा विचार केला आहे. विद्युतप्रवाहामुळे निर्माण होणारी उष्णता विभवांतराच्या वर्गास रोधकतेने भागून मिळते. रोधकता तापमानावर अवलंबून असेल आणि तापमान शून्याकडे जाताना तीही शून्याकडे जात असेल, तर उष्णतेचे पद छेदात शून्य घेऊन उभे राहते. पुढे १९७७ मध्ये क्रँडल, रॅबिनोविट्झ व टार्टार यांनी या प्रकारच्या प्रश्नांची पद्धतशीर मांडणी केली. केवळ सिंग्युलर पद असता उकल अस्तित्वात असते आणि ती एकमेव असते, हे तेव्हापासून ज्ञात आहे.

या एकमेवतेचे कारण दोन ओळींत सांगता येते. केवळ – लाप्लास(य) = ल/√य हे समीकरण घेऊ आणि त्याच्या दोन उकली आहेत असे मानू. दोन समीकरणांची वजाबाकी करून तिला दोन उकलींच्या फरकाने गुणावे व प्रदेशभर समाकलन करावे. डावी बाजू प्रवणतेच्या वर्गाचे समाकलन असल्याने ऋण होत नाही. उजवे पद 'य' वाढताना घटते, म्हणून उजवी बाजू धन होत नाही. दोन्ही बाजू शून्यच असल्या पाहिजेत, म्हणजे दोन उकली एकच आहेत. तात्पर्य, सिंग्युलर पद एकट्याने अनेकता निर्माण करीत नाही. ती दोन पदांच्या परस्पर ओढाताणीतून येते.

एकाच दिशेतील चित्र

या समीकरणाशी निगडित ऊर्जा फलनकात तीन घटक आहेत : प्रवणतेच्या वर्गाच्या समाकलनाची निमपट, त्यातून वजा √य च्या समाकलनाची २ल पट, आणि त्यातून वजा य^४ च्या समाकलनाची चतुर्थांश पट. समीकरणाच्या उकली म्हणजे या ऊर्जेचे स्थिरबिंदू, अशी विचरण पद्धतीची मूळ धारणा आहे.

एखादे धन फलन निश्चित करून त्याला 'म' या धन संख्येने गुणत गेल्यास ऊर्जा कशी बदलते ते पाहू. सोयीसाठी वरील तिन्ही समाकलनांची मूल्ये १ धरू. मग ऊर्जा (१/२)म^२ – २ल√म – (१/४)म^४ इतकी होते. तिचा अवकलज शून्य करण्याची अट अशी मिळते :

ल = म^(३/२) × (१ – म^२)

उजव्या बाजूचा आलेख शून्यापासून वर चढतो, म^२ = ३/७ येथे, म्हणजे म सुमारे ०.६५५ असता शिखर गाठतो आणि म = १ येथे पुन्हा शून्यावर येतो. शिखराची उंची सुमारे ०.३०३ आहे. 'ल' त्याहून लहान असेल तर 'म'ची नेमकी दोन मूल्ये मिळतात व मोठा असेल तर एकही मिळत नाही. ल = ०.१ घेतल्यास ही मूल्ये सुमारे ०.२२३ व ०.९४४ येतात. पहिल्या ठिकाणी ऊर्जा सुमारे –०.०७० असून तेथे ती दरीच्या तळाशी आहे. दुसऱ्या ठिकाणी ती सुमारे ०.०५३ असून तेथे टेकडीचा माथा आहे.

दोन उकलींचे बीज या साध्या आलेखातच आहे. ल = ० असता – लाप्लास(य) = य^३ या समीकरणाची एक उकल शून्य फलन असते आणि दुसरी, धन उकल पर्वतखिंड प्रमेयाने मिळते. सिंग्युलर पद जोडताच शून्य फलन उकल राहू शकत नाही, पण ते नाहीसे होण्याऐवजी किंचित वर उचलले जाऊन लहान धन उकल बनते. पर्वतखिंडीतील उकल थोडीशी सरकते, पण टिकते. पहिल्या उकलीस शून्याची वंशज व दुसरीस खिंडीची वंशज म्हणावयास हरकत नाही.

अर्थात ही एका दिशेची गोष्ट झाली. फलनांच्या अवकाशात दिशा अनंत आहेत आणि 'ल'ची मर्यादा दिशेगणिक बदलते. सर्व दिशांना लागू पडेल अशी एक समान मर्यादा सोबोलेव्हच्या असमतेमुळे मिळते. प्रवणतेचे समाकलन १ इतके ठेवले तर उरलेली दोन समाकलने एका निश्चित संख्येपलीकडे जाऊ शकत नाहीत, असे ती असमता सांगते. म्हणून 'ल' पुरेसा लहान असता प्रत्येक धन दिशेत एक दरी व एक टेकडी सापडते. सर्व दऱ्यांचा व सर्व टेकड्यांचा मिळून होतो तो नेहारी संच. नेहारी यांनी १९६० च्या सुमारास या कल्पनेचा पाया घातला.

मोठ्या 'ल'साठी उकल नसते

हा भाग लवकर आटोपतो, पण त्यातून प्रत्यक्ष आकडा हाती येतो म्हणून तो वगळवत नाही. प्रदेशावरील पहिले आयगेन मूल्य व त्याचे धन आयगेन फलन घ्यावे. समीकरणाला त्या फलनाने गुणून समाकलन केले असता, आयगेन मूल्य गुणिले 'य' आणि समीकरणाची उजवी बाजू यांची भारित समाकलने समान असली पाहिजेत, असे दिसते. परंतु 'ल' इतका मोठा असेल की, कोणत्याही धन संख्येसाठी उजवी बाजू त्या गुणाकाराहून मोठीच राहते, तर ही समानता अशक्य आहे. बाजूची लांबी पाय असलेल्या घनाकृती प्रदेशाचे पहिले आयगेन मूल्य ३ आहे. वरच्यासारखेच गणित केले असता ल > २.०७ साठी या घनात एकही धन उकल नाही, असे निष्पन्न होते. म्हणजे 'ल'ला एक उंबरठा आहे. त्याच्या अलीकडे उकली आहेत, पलीकडे नाहीत.

अडचण नेमकी कोठे आहे

आता त्या प्रश्नचिन्हाकडे वळू. ऊर्जेतील √य या पदाचा अवकलज 'य' शून्य असेल तेथे अस्तित्वात नाही. शून्यापासून ०.०१ इतके सरकल्यास वर्गमुळातील वाढीचा दर १० येतो. ०.०००१ इतके सरकल्यास तो १०० येतो. जवळ जावे तितका तो वाढतच जातो. फलनांच्या अवकाशात एखाद्या भागावर शून्य असणारी फलने सर्वत्र विखुरलेली आहेत. कोणत्याही धन फलनाच्या कितीही जवळ असे फलन सापडते. म्हणून ऊर्जा फलनक संतत असले तरी संतत अवकलनीय नाही आणि अवकलनीयता गृहीत धरणारी प्रमेये त्याला सरळ लावता येत नाहीत. अँब्रोसेट्टी व रॅबिनोविट्झ यांचे १९७३ चे पर्वतखिंड प्रमेय हे त्यांतील प्रमुख होय.

गणिताच्या इतिहासात याचे एक मोठे भावंड आहे. रीमान यांनी १८५१ मध्ये डिरिक्ले तत्त्वाचा आधार घेताना, ऊर्जेला लघुतम मूल्य असते व ते एखाद्या फलनाने गाठले जाते, असे मानले होते. वायरस्ट्रास यांनी १८७० मध्ये एक साधे प्रत्युदाहरण दिले. –१ ते १ या अंतरावर चल व अवकलज यांच्या गुणाकाराच्या वर्गाचे समाकलन लघुतम करावयाचे आहे आणि दोन्ही टोकांस फलनाची मूल्ये भिन्न आहेत. हे समाकलन शून्याच्या हवे तितके जवळ नेता येते, पण ते शून्य करणारे फलन नाही. डिरिक्ले तत्त्वाचे पुनर्वसन हिल्बर्ट यांच्या हातून व्हावयास शतकाची अखेर उजाडली. रीमान यांचे निष्कर्ष बहुतांशी खरेच होते. पण खरा निष्कर्ष आणि सिद्ध झालेला निष्कर्ष यांतील अंतर भरून काढण्यासाठी जी साधने निर्माण झाली, त्यांतून आजची विचरण पद्धत उभी राहिली, असे लेखकास वाटते.

पहिली उकल : एकतर्फी अवकलज

शून्याभोवती एक लहान गोल घ्यावा. 'ल' लहान असता गोलाच्या पृष्ठावर ऊर्जा धन असते. गोलाच्या आत, शून्याच्या अगदी जवळ, वर्गमुळाचे पद सर्वांवर मात करते आणि ऊर्जा ऋण होते. तेव्हा लघुतम मूल्य गोलाच्या आतच गाठले जाते. ते खरोखर गाठले जाते याची हमी दुर्बल अभिसरण व सोबोलेव्ह अवकाशाची संहतता यांमुळे मिळते. हा लघुतम बिंदू ऋण नसलेला घेता येतो. त्यास 'य' म्हणू.

पण तो समीकरणाचे समाधान करतो हे अवकलज न घेता दाखवावयाचे आहे. यासाठी केवळ एका बाजूने सरकावे. 'य'मध्ये एखाद्या धन फलनाचा लहान अंश मिळवला तर ऊर्जा घटत नाही, कारण 'य' लघुतम आहे. या वाढीला त्या अंशाने भागून अंश शून्याकडे न्यावा. वर्गमुळाच्या पदाची मर्यादा घेताना फाटूचे उपप्रमेय उपयोगी पडते आणि समानतेऐवजी असमता हाती येते : प्रवणतेचे पद वजा घनाचे पद हे सिंग्युलर पदाच्या समाकलनापेक्षा लहान नाही. येथेच एक सुंदर गोष्ट घडते. 'य' जर एखाद्या शून्येतर मापाच्या भागावर शून्य असता, तर सिंग्युलर पदाचे समाकलन अनंत झाले असते. डावी बाजू तर सांत आहे. म्हणून 'य' जवळजवळ सर्वत्र धन आहे. ज्या गुणधर्मामुळे अवकलज अडला होता, तोच गुणधर्म धनत्वाची सिद्धता देतो.

असमतेवरून समानतेकडे जाण्यासाठी आणखी एक पायरी लागते. 'य'च्या स्वतःच्या दिशेने ऊर्जा अवकलनीय आहे, कारण तेथे केवळ संख्येने गुणणे आहे. त्यामुळे त्या दिशेत समानता मिळते. आता कोणतेही फलन घेऊन त्याचा लहान अंश 'य'मध्ये मिळवावा आणि येणाऱ्या फलनाचा केवळ धन भाग असमतेत चाचणी फलन म्हणून वापरावा. ज्या भागावर ही बेरीज ऋण होते, त्याचे माप अंश लहान होताना शून्याकडे जाते, म्हणून तेथील त्रुटी नगण्य ठरते. परिणामी असमता कोणत्याही फलनासाठी खरी होते. फलनाचे चिन्ह बदलले तरी ती खरीच राहते, म्हणजे ती समानता आहे. परीक्षकांच्या प्रश्नचिन्हाचे उत्तर हेच होते. ते लिहावयास दोन पाने पुरली. शोधावयास चार महिने लागले.

येथे एक प्रश्न संभवतो. सीमेजवळ सिंग्युलर पद अनंत होते, मग त्याचे समाकलन सांत कसे? उकल सीमेजवळ अंतराच्या प्रमाणात वाढते. म्हणून सिंग्युलर पद अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते आणि त्याचे शून्य ते एक या अंतरावरील समाकलन २ येते. छेदातील घातांक एकापेक्षा मोठा झाल्यास चित्र बदलते. उकल अंतराच्या एका अपूर्णांक घाताप्रमाणे वाढते आणि तो घात म्हणजे दोनला, एक अधिक छेदातील घातांक, या बेरजेने भागून येणारी संख्या होय. छेदातील घातांक ३ असेल तर उकल अंतराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, प्रवणतेचा वर्ग अंतराच्या व्यस्त प्रमाणात येतो आणि त्याचे समाकलन अनंत होते. लेझर व मॅकेना यांनी १९९१ मध्ये केवळ सिंग्युलर पदाच्या समीकरणाबाबत सिद्ध केले की, छेदातील घातांक ३ पेक्षा लहान असेल तरच उकलीची ऊर्जा सांत असते. त्या लेखातील ३ हा आकडा प्रथम वाचताना जादूसारखा भासतो. वरील हिशेब केल्यावर त्यातील गूढ उरत नाही.

दुसरी उकल : दोन मार्ग

पहिला मार्ग नेहारी संचाचा. प्रत्येक दिशेतील टेकडीचे माथे एकत्र करून त्यांपैकी सर्वांत कमी ऊर्जेचा माथा शोधावयाचा. या संचावर ऊर्जा खालून सीमित आहे. लघुतमाकडे जाणाऱ्या क्रमिकेतून मर्यादा घेता येते आणि ती मर्यादा शून्यात कोसळत नाही, कारण माथे शून्यापासून निश्चित अंतरावर असतात. लघुतम माथा समीकरणाची उकल आहे हे पुन्हा एकतर्फी अवकलजानेच दाखवावे लागते. सुन यिजिंग, वू शाओपिंग व लाँग यिमिंग यांचा २००१ मधील लेख या दिशेतील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. या मार्गात ज्या एकलंड तत्त्वाचा (१९७४) वारंवार उपयोग होतो, त्यावर डी. जी. द फिगेरेदो यांनी दिलेली व्याख्याने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९८९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आहेत. पदव्युत्तर शिक्षकाने हे पुस्तक एकदा तरी वाचावे.

दुसरा मार्ग छाटणीचा. केवळ सिंग्युलर पद असलेल्या समीकरणाची एकमेव उकल 'व' घ्यावी. मूळ समीकरणात 'य' जेथे 'व'पेक्षा लहान असेल, तेथे सिंग्युलर पदात 'य'ऐवजी 'व' ठेवावा. आता छेद कधीही 'व'च्या खाली जात नाही, त्यामुळे नवे ऊर्जा फलनक संतत अवकलनीय होते. पण आपण समीकरणच बदलले, त्याचे काय? नव्या समीकरणाची कोणतीही उकल 'व'पेक्षा लहान असू शकत नाही, असे तुलनेने दिसते. ज्या भागात ती लहान असेल, तेथे तिचे ऋण लाप्लासियन 'व'च्या ऋण लाप्लासियनपेक्षा कमी नाही आणि त्या भागाच्या सीमेवर दोन्ही समान आहेत. तेव्हा ती 'व'च्या खाली जाऊच शकत नाही. छाटणीचा प्रदेश रिकामा राहतो आणि नव्या समीकरणाच्या उकली मूळ समीकरणाच्याच ठरतात.

छाटणीनंतर पर्वतखिंड प्रमेय निर्धोकपणे लावता येते. पहिली उकल ही दरी. दूरवर घनाच्या पदामुळे ऊर्जा हवी तितकी ऋण होते, म्हणून पलीकडेही खोल जागा आहे. एका खोल जागेतून दुसरीकडे जाणाऱ्या वाटांपैकी जिचा सर्वांत उंच बिंदू सर्वांत कमी उंचीवर आहे अशी वाट शोधली की, त्या उंचीवर दुसरी उकल मिळते. यात एक सूक्ष्म पायरी आहे. पहिली उकल गुळगुळीत फलनांच्या तुलनेत स्थानिक लघुतम आहे, हे सहज दिसते. ती सोबोलेव्ह अवकाशातही स्थानिक लघुतम आहे का? ब्रेझिस व निरेनबर्ग यांनी १९९३ मध्ये सिंग्युलर नसलेल्या समीकरणांसाठी होकारार्थी उत्तर दिले. जॅकोमोनी, शिंडलर व टाकाच यांनी २००७ मध्ये ते सिंग्युलर समीकरणांपर्यंत नेले. या मार्गाचा लाभ असा की, 'ल' लहान असण्याची अट सुटते आणि उंबरठ्यापर्यंतच्या प्रत्येक 'ल'साठी दोन उकली मिळतात.

घातांक पाच असता

घनाऐवजी य^५ घेतल्यास त्रिमितीय प्रदेशात सोबोलेव्ह अवकाशाची संहतता नाहीशी होते. क्रमिकेतील ऊर्जा एका बिंदूभोवती गोळा होऊन मर्यादेत हरवू शकते. पोहोझाएव यांनी १९६५ मध्ये दाखवले की, तारकाकृती प्रदेशात – लाप्लास(य) = य^५ या समीकरणाची शून्येतर उकलच नाही. म्हणजे आपल्या रूपकाप्रमाणे खिंडीची वंशज उकल जिच्यापासून यावयाची, ती मूळ उकलच येथे नाही. तरीही सिंग्युलर पद जोडले असता दोन उकली मिळतात. यांग हायताओ यांच्या २००३ मधील लेखात हा क्रांतिक घातांकही समाविष्ट आहे. ब्रेझिस व निरेनबर्ग यांनी १९८३ मध्ये शिकवलेली युक्ती येथे कामी येते. खिंडीची उंची एका निश्चित पातळीखाली राहिली तर ऊर्जा हरवत नाही. पहिली उकल स्वतः धन असल्यामुळे तिचा आणि एकवटलेल्या फलनाचा जो मिश्र गुणाकार उद्भवतो, तो खिंडीची उंची नेमकी त्या पातळीखाली ओढतो. पहिली उकल दुसरीला जन्माला घालते, असेच म्हणावे लागेल.

द्विमितीय प्रदेशात कोणताही घात क्रांतिक नसतो. तेथे घातांकी फलन ती भूमिका घेते. त्या प्रश्नावर बंगळूरचे गणिती आदिमूर्ती यांनी जॅकोमोनी यांच्यासमवेत २००६ मध्ये काम केले आहे. या क्षेत्रातील भारतीय सहभाग लक्षणीय आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.

एकमितीय पडताळा

वरील सर्व पद्धती किमान दोन उकली देतात. नेमक्या किती, हे त्या सांगत नाहीत. एकाच मितीत मात्र वर्गात फळ्यावर करता येईल असा पडताळा आहे आणि तो पदव्युत्तर वर्गास अवश्य द्यावा. ठरावीक लांबीच्या अंतरावर –य″ = ल/√य + य^३ हे समीकरण घ्यावे, दोन्ही टोकांस य = ०. समीकरणाला य′ ने गुणून समाकलन केले असता य′ च्या वर्गाची निमपट अधिक २ल√य अधिक (१/४)य^४ ही बेरीज स्थिर राहते, असे दिसते. उकलीचे मध्यावरील महत्तम मूल्य 'क' असेल तर त्या 'क'वरून अंतराची लांबी एका समाकलनाने काढता येते. 'क' अगदी लहान असता ती लांबी क^(३/४) ला ८/३ ने गुणून √ल ने भागल्याइतकी येते, म्हणजे शून्याकडे जाते. 'क' फार मोठा असता ती सुमारे ३.७१ भागिले 'क' इतकी येते, म्हणजे पुन्हा शून्याकडे जाते. मधे ती धन व संतत आहे. आडव्या अक्षावर 'क' व उभ्या अक्षावर लांबी घेऊन आलेख काढला की, शून्यापासून चढून पुन्हा उतरणारी टेकडी दिसते. टेकडीच्या माथ्यापेक्षा कमी लांबीची आडवी रेषा तिला निदान दोन ठिकाणी छेदते. डावीकडचा छेद ही लहान उकल, उजवीकडचा ही मोठी. संगणक प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांकडून ल = ०.१ व ल = १ साठी हे दोन आलेख एकाच कागदावर काढून घ्यावेत. 'ल' वाढवताना टेकडी खाली बसत जाते आणि निवडलेली लांबी कोणत्या 'ल'ला माथ्याशी येऊन टेकते, ते त्यांनी स्वतः मोजावे.